यंत्राची सोडत

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या कल्याण निधीतून दोनशे सभासदांना मुलांच्या शिक्षणासाठी मदत द्यावयाचे ठरले. सभासद ३६,४०० आणि मदत २०० जणांना. तेव्हा सोडत काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. पूर्वी आम्ही पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या टाकीत असू आणि सभेतल्याच एखाद्या लहान मुलाला हात घालावयास सांगत असू. पण साडेछत्तीस हजार चिठ्ठ्या लिहावयाच्या कोणी? एका सभासदाचा मुलगा कॉम्प्युटरचे शिक्षण घेत होता. त्याने कचेरीतल्या यंत्रावर बसून सहासात ओळींचा एक आज्ञालेख लिहिला. त्याच्या भाषेत त्याला शेल स्क्रिप्ट म्हणतात. दोन सेकंदांत दोनशे क्रमांक बाहेर पडले, आम्ही ते फलकावर लावले आणि एक जोखमीचे काम निर्वेधपणे पार पडले म्हणून चहा मागविला.

दुसऱ्या दिवशी कंत्राटी सफाई कामगारांपैकी एक बाई कचेरीत आल्या. त्यांची माणसे संघटनेत सर्वांत शेवटी आलेली. त्या म्हणाल्या, "भाऊ, यादीत आमच्यातलं एक पण नाव नाही."

आम्ही म्हणालो, "बाई, सोडत यंत्राने काढली आहे. यंत्राला जात नाही, पक्ष नाही, वशिला नाही."

"यंत्र सांगितलेलं करतं ना, भाऊ? मग त्याला सांगितलं कोणी?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे ग्रंथालयात, रेल्वेच्या डब्यात आणि वाटाघाटींच्या खोलीबाहेर ताटकळत बसलो असताना झालेले. परंतु पगारपत्रके तपासून तपासून एक सवय अंगी बाणली आहे, ती म्हणजे आकडा कोठून आला हे विचारण्याची. ती मालकांच्या बाबतीत रोज वापरणारे आम्ही, आमच्याच कचेरीतल्या यंत्राच्या बाबतीत मात्र विसरलो होतो. मग त्या सहा ओळींचा मागोवा घेत आम्ही बरेच मागे गेलो. त्या शोधाचा वृत्तान्त आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम 'शेल' म्हणजे काय ते पाहू. शब्दाचा अर्थ कवच, करवंटी. यंत्राच्या पोटात मूळ कारभार पाहणारा एक प्रोग्राम असतो, तो गर. आणि त्याच्याभोवती माणसाच्या आज्ञा ऐकून घेणारी ती करवंटी. हे नाव दिले लुई पूझँ या फ्रेंच इंजिनियरने, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात काम करीत असताना, १९६४-६५ च्या सुमारास. आम्हांला मात्र करवंटीपेक्षा मुकादमाची उपमा अधिक पटते. मुकादम स्वतः पाटी उचलीत नाही, थापी धरीत नाही. कोणाला कोणत्या कामावर लावावयाचे एवढे तो जाणतो. शेलही असाच. आज्ञा वाचावयाची, त्या कामाचा प्रोग्राम हाक मारून बोलवावयाचा, त्याने केलेले काम दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे.

१९६९ साली न्यू जर्सीतल्या मरे हिल येथे, बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची यंत्रव्यवस्था उभारावयास घेतली. तिचा पहिला शेल टॉम्पसन यांचा, १९७१ चा. या मुकादमाला बेरीजसुद्धा येत नव्हती. हा दोष नव्हता, धोरण होते. एकाने एकच काम करावे व ते चोख करावे, असा त्या प्रयोगशाळेचा दंडक. हिशेबासाठी 'डीसी' नावाचा वेगळा कारकून होता. त्याची तऱ्हा अशी की आधी दोन्ही आकडे सांगावयाचे आणि शेवटी बेरीज की गुणाकार ते सांगावयाचे. सामान्य माणसाला हे उलटे वाटे, म्हणून पुढे 'बीसी' आला. तो आपल्या शाळेतल्यासारखी मांडणी घेई व आतून डीसीकडूनच काम करून घेई. ही दोन्ही कामे रॉबर्ट मॉरिस आणि लॉरिंडा चेरी या दोघांची. चेरीबाईंचे नाव पुष्कळ ठिकाणी गळते, म्हणून मुद्दाम घेतले. 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला लागण्यापूर्वी हिशेब करणाऱ्या माणसांना लागत असे, आणि त्या माणसांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. कारखान्यांचा इतिहास लिहितानाही असेच होते. यंत्राचे नाव राहते, यंत्रावरच्या बाईचे जाते.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. हा मुकादम बराच शहाणा होता. 'असे असेल तर असे कर', 'हे संपेपर्यंत करीत राहा' असे त्याला सांगता येई. पण बेरजेसाठी अजूनही 'एक्सप्र' नावाच्या कारकुनाला बोलवावे लागे. एकापासून हजारापर्यंत मोजावयाचे तर हजार वेळा कारकुनाला हाक, हजार वेळा त्याने येऊन बसावे, एक बेरीज करून निघून जावे. शिवाय गुणाकाराची खूण म्हणजे फुली नव्हे, चांदणी. आणि चांदणीचा अर्थ मुकादमाच्या बोलीत 'येथल्या सगळ्या फायली' असा. पाच गुणिले तीन विचारावे, तर मुकादम मधल्या चांदणीच्या जागी घरातल्या साऱ्या फायलींची नावे घालून कारकुनापुढे टाकी. म्हणून चांदणीच्या आधी एक तिरपी रेघ मारून 'हिला हात लावू नकोस' असे बजावावे लागे.

मुकादमाला स्वतः हिशेब शिकविला तो डेव्हिड कॉर्न यांनी. त्यांचा शेलही बेल प्रयोगशाळेतलाच. १९८३ साली टोरांटोच्या परिषदेत तो जाहीर झाला. पुढे १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी सर्वांना मोफत मिळेल असा 'बॅश' लिहिला, तोच आमच्या कचेरीतल्या यंत्रावर आहे. दुहेरी कंसात हिशेब मांडावयाची आज सर्वत्र चालणारी रीत १९९२ च्या पॉसिक्स प्रमाणग्रंथाने ठरवून दिली.

हा शिकलेला मुकादम किती शिकला आहे, हे मात्र पाहून घ्यावे. बॅशला फक्त पूर्णांक कळतात. सात भागिले दोन म्हणजे तीन. उरलेला अर्धा तो टाकून देतो आणि टाकल्याचे सांगतही नाही. ८.३३ टक्के बोनसचे उदाहरण घ्या. १२,००० रुपयांना आधी ८३३ ने गुणून मग १०,००० ने भागले तर ९९९ रुपये येतात. वरचे साठ पैसे गेले. आणि आधी ८३३ ला १०,००० ने भागून मग १२,००० ने गुणले तर? पहिल्याच पायरीला शून्य, म्हणून उत्तर शून्य. गणित तेच, आकडे तेच, केवळ क्रम बदलला आणि साऱ्या कारखान्याचा बोनस बुडाला. अशा कामाला बीसीलाच बोलवावे आणि किती दशांश हवेत ते त्याला आधी सांगावे.

दुसरी खोड याहून विचित्र. आकड्याच्या आरंभी शून्य असेल तर बॅश तो आठांच्या पद्धतीतला मानतो, आणि त्या पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. आमचा वर्गणीचा हिशेब महिन्यांना ०१, ०२ असे क्रमांक देऊन ठेवला होता. तो जुलैपर्यंत सुरळीत चालला आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेस यंत्राने अंग टाकले. ऑक्टोबरात ते आपोआप बरे झाले असते! असो. अडून बसणारे यंत्र आम्हांला चालते. निदान त्याच्यापुढे जाऊन कोणी उभे तरी राहतो.

आता सोडतीकडे वळू. पुस्तकी भाषेत ज्याला यादृच्छिक संख्या म्हणतात, त्याला आपण नशिबाचा आकडा म्हणू. या आकड्याची आणि भागाकाराची सोयरीक फार जुनी आहे. वेदकाळी बेहड्याच्या बियांनी द्यूत खेळत. विद्वानांनी त्याचा अर्थ असा लावला आहे की, मूठभर बिया उचलून चाराचारांनी मोजीत. काही उरले नाही तर कृत, तीन उरल्या तर त्रेता, दोन तर द्वापर, एक उरली तर कलि. महाभारतातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्याच झाडाखाली पानाफळांची संख्या सांगतो व नळाला द्यूताचे मर्म देतो. मूठ भरणे हे नशीब, आणि चाराने भागून बाकी पाहणे हा हिशेब. आमच्या त्या मुलाने लिहिलेली मुख्य ओळ हेच करीत होती. यंत्राकडून एक मूठ घ्यावयाची, तिला ३६,४०० ने भागावयाचे, बाकी राहील तो सभासद.

मग मूठ भरतो कोण? १९२७ साली इंग्लंडात टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतून ४१,६०० अंक उचलून त्यांचे पुस्तकच छापले. ज्याला नशिबाचा आकडा हवा त्याने पान उघडून वाचावे. १९५५ साली अमेरिकेतल्या रँड संस्थेने विजेच्या चक्रातून काढलेले दहा लाख अंक छापले. सारे पुस्तक आकड्यांचे, आणि एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध नाही यातच त्याची किंमत! आमच्या वडिलांच्या गिरणगावात लोक यासाठी पुस्तक उघडीत नसत. तेथे आकडा लागे तो न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या व मिटत्या दरावर. लालबागच्या चाळीतला जॉबर असो की दलाल, न्यूयॉर्कचा दर त्याच्या हातचा नाही, हा लोकांचा विश्वास. साठीच्या दशकाच्या आरंभी ते दर येईनासे झाले आणि आकडे मटक्यातून निघू लागले, म्हणजे आकडा काढणारा हात आपल्याच गल्लीत आला. त्या जुगाराने किती संसार धुळीस मिळविले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा त्याचे गुणगान करावयाचे नाही. पण आकड्याचा उगम कोणाच्याही मुठीत नसावा, ही गोष्ट त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांना पुरती कळत होती. ब्रिटनमध्ये सरकारी बचत रोख्यांची सोडत काढणाऱ्या 'अर्नी' यंत्राने जून १९५७ मध्ये पहिली सोडत काढली. ते निऑनच्या नळ्यांतील विजेच्या गोंगाटातून आकडे घेई. युद्धकाळात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणारे कोलोसस यंत्र बांधणारे टॉमी फ्लॉवर्स त्याच्याही उभारणीत होते.

साध्या कॉम्प्युटरजवळ अशा नळ्या कोठल्या? तेथे दुसरीच युक्ती निघाली. जॉन फॉन नॉयमन यांनी चाळिशीच्या दशकात सुचविले की, एखाद्या आकड्याचा वर्ग करावा, त्याचे मधले अंक घ्यावेत, त्यांचा पुन्हा वर्ग करावा. ही रीत लवकरच शून्यावर येऊन थांबे किंवा त्याच त्या फेऱ्यात फिरू लागे. तिच्यामागे नशीब नाही, निव्वळ गणित आहे, हे स्वतः फॉन नॉयमन पुरते जाणून होते. १९४९ साली डेरिक लेमर यांनी अधिक टिकाऊ रीत मांडली. आकड्याला एका ठरलेल्या संख्येने गुणावयाचे, दुसऱ्या मोठ्या संख्येने भागावयाचे, बाकी तो पुढचा आकडा. पुन्हा बाकीच! पुढे प्रसिद्ध झालेल्या एका जोडीत गुणक १६,८०७ आणि भाजक २,१४,७४,८३,६४७ आहे, आणि बॅशनेही तीच घेतली. ज्या पहिल्या आकड्यापासून हे रहाट सुरू होते त्याला बीज म्हणतात. बीज तेच, तर निघणारे सारे आकडे तेच, त्याच क्रमाने.

शेलमध्ये हा रहाट आणला तो कॉर्न यांनी. त्यांच्या शेलमध्ये 'रँडम' हे नाव उच्चारले की प्रत्येक वेळी नवा आकडा मिळे. बॅशने ते जसेच्या तसे उचलले. आणि आमच्या बाईंचे उत्तर येथे होते. रँडम जो आकडा देतो तो शून्यापासून ३२,७६७ पर्यंतचा. त्यापुढचा देतच नाही. युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढले त्याचा शब्द सोळा बिटांचा; एक बिट अधिक-उण्याच्या खुणेला जाई, उरलेल्या पंधरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. सातव्या आवृत्तीतले आकडे पाडण्याचे साधनही तेवढीच मजल मारी. ती यंत्रे केव्हाच भंगारात गेली, पण त्यांचे माप रँडमच्या अंगाला चिकटून राहिले.

म्हणजे मूठ ३२,७६७ च्या वर भरतच नव्हती, आणि यादी ३६,४०० ची होती. आम्ही पेन्सिल घेऊन वजाबाकी केली. क्रमांक ३२,७६९ पासून ३६,४०० पर्यंतच्या ३,६३२ सभासदांचा क्रमांक कधी निघणेच शक्य नव्हते. दोनशेंत त्यांच्यापैकी वीस-एक जण यावयास हवे होते. क्रमांक सभासदत्वाच्या तारखेप्रमाणे दिलेले. त्यामुळे सर्वांत शेवटी आलेले सफाई कामगार आणि हमाल नेमके शेपटात. कोणीही त्यांना वगळले नव्हते. मुलाने वगळले नाही, आम्ही वगळले नाही, कॉर्नसाहेबांनी तर नाहीच. पण वगळले गेले होते.

यादी लहान असती तर घोटाळा राहिला असता, फक्त दिसला नसता. वीस हजारांची यादी घ्या. ३२,७६८ शक्य मुठींतून पहिल्या १२,७६८ जणांना दोन दोन संधी मिळतात आणि उरलेल्या ७,२३२ जणांना एकच. अशा यादीच्या तळाची माणसेही अधूनमधून निघतात, त्यामुळे कोणी तक्रार घेऊन कचेरीत येत नाही.

हे केवळ यंत्राचेच दुखणे आहे असे मात्र नव्हे. ज्या १९६९ साली मरे हिलला युनिक्सचा पाया घातला गेला, त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनामच्या युद्धावर कोणी जावयाचे याची सोडत निघाली. १९४४ ते १९५० या काळात जन्मलेल्या तरुणांसाठी वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या भांड्यात टाकल्या होत्या. कुप्या महिन्यामहिन्याने भरल्या, शेवटचे महिने शेवटी पडले आणि ढवळणे अपुरे झाले. १९५ पर्यंत क्रमांक आलेल्या तारखांचे तरुण बोलावले गेले. डिसेंबरच्या एकतीस तारखांपैकी केवळ पाच त्या आकड्याच्या पलीकडे राहिल्या. सरळ सोडतीत चौदा राहावयास हव्या होत्या. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार समोर, मोठमोठे अधिकारी हजर, आणि डिसेंबरात जन्मलेली पोरे लढाईच्या रांगेत पुढे गेली ती भांडे नीट ढवळले नाही म्हणून. पुढच्या वर्षीच्या सोडतीला सरकारने संख्याशास्त्रज्ञांची मदत घेतली.

आम्ही कार्यकारिणीत हे सर्व मांडले. एकजण म्हणाला, वगळलेल्यांना वीस मदती जादा देऊन टाका आणि विषय संपवा. बाईंना बोलावून विचारले, तर त्या म्हणाल्या, "तुकडा नको, भाऊ. आमची चिठ्ठी डब्यात टाका." पहिली सोडत रद्द झाली. ज्यांची नावे लागली होती त्यांच्या घरी जाऊन ती गेल्याचे सांगण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले. दोनशे घरे, तीन आठवडे. एका घरी नव्या दप्तराची पावती आमच्यासमोर ठेवली गेली. जन्मभर मालकांना शब्द पाळावयास सांगणाऱ्या माणसाला ती पावती वाचणे फार जड गेले.

दुसरी सोडत कशी काढावी यावर पुष्कळ खल झाला. लिनक्समध्ये थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये आणलेली एक सोय आहे. कळा दाबण्याच्या व तबकडी फिरण्याच्या वेळांतील बारीक फरकांतून ती आकडे गोळा करते. डिसेंबर २०२० च्या बॅशमध्ये 'एसरँडम' नावाचा मोठ्या मजलेचा आकडाही आला आहे. गुप्त परवलीचे शब्द बनवावयास हे उत्तम, कारण तेच आकडे पुन्हा कोणालाही काढता येत नाहीत. पण आमची अडचण नेमकी तीच होती. जी सोडत पुन्हा करून पाहता येत नाही तिच्याविषयी बाईंना आम्ही पुन्हा एकवार 'यंत्राने काढली' एवढेच सांगणार! आम्ही जुना रहाटच पत्करला, मात्र बीज सभेत पेरले.

सभागृहात पत्र्याचा तोच डबा आणला आणि त्यात लुडोचा फासा टाकला. आठ खात्यांच्या आठ जणांनी तो एकेकदा हलविला आणि पडलेले आठ आकडे फळ्यावर ओळीने लिहिले. तो आठ अंकी आकडा रँडमला बीज म्हणून दिला. एका मुठीऐवजी दोन भरल्या. पहिलीला ३२,७६८ ने गुणून तिच्यात दुसरी मिळविली, म्हणजे मजल १,०७,३७,४१,८२३ पर्यंत गेली. एवढ्या आकड्यांची ३६,४०० च्या सारख्या वाटण्यांत वाटणी केली तर १४,६२४ आकडे शेवटी उरतात. त्यांतला एखादा आला तर तो टाकून पुन्हा मूठ भरावयाची, आणि एकदा लागलेला क्रमांक परत लागला तरी तसेच, एवढ्या दोन ओळी मुलाने वाढविल्या. आज्ञालेख छापून भिंतीवर लावला. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांना बॅशची आवृत्ती कोणती तेही सांगितले, कारण आवृत्ती निराळी असली तर रहाटही निराळा असू शकतो. त्या रात्री चार मुलांनी घरी ते बीज घालून पाहिले, आणि चौघांच्याही याद्या आमच्या यादीशी जुळल्या.

शेवटच्या ३,६३२ जणांपैकी सतरा नावे निघाली. बाईंचे नाव त्यांत नव्हते. यादी वाचून संपल्यावर त्या फळ्यापाशी गेल्या, फाशाचे आठही आकडे एका कागदावर उतरून घेतले आणि मुलाकडून दोनदा ताडून पाहिले.